निपाणीहून दिल्लीला लग्नासाठी चार्टर विमान: पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे

निपाणीच्या एका व्यापारी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या मुलाचा विवाह २७ जानेवारीला दिल्लीत आहे, कारण मुलीकडची मंडळी तिथली आहेत. घरातील ८ माणसांनी, त्यांत ८१ वर्षांच्या आजीही आल्या, २५ तारखेला सकाळी ८ वाजता बेळगावहून चार्टर विमानाने निघावे आणि २८ तारखेला परत यावे, असा बेत आहे. एका एजंटाने फोनवर तासाला अडीच लाख रुपये असा दर सांगितला असून निम्मी रक्कम दोन दिवसांत भरली नाही तर विमान दुसरीकडे जाईल, असे बजावले आहे. हा दर रास्त आहे का, एकूण खर्च किती येईल आणि पैसे देण्यापूर्वी काय तपासावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

गेली १९ वर्षे मी बेळगाव, हुबळी, कोल्हापूर आणि गोवा या पट्ट्यात येणाऱ्या चार्टर विमानांची जमिनीवरची व्यवस्था पाहतो. उतरण्याची आणि विमान उभे करण्याची परवानगी, इंधन, प्रवाशांची यादी, वैमानिकांची राहण्याची सोय, हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो की दराचा प्रश्न दुसरा आहे. विमान कोणाचे आणि परवाना कोणाचा हा पहिला प्रश्न आहे, आणि आपल्या पत्रात नेमका तोच आलेला नाही.

भारतात भाडे घेऊन प्रवासी न्यायचे असतील तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परवाना लागतो. ठरलेले वेळापत्रक नसलेल्या सेवेसाठीच्या या परवान्याला आमच्या व्यवसायात एनएसओपी म्हणतात. ज्या कंपनीकडे तो असतो तिला ऑपरेटर म्हणतात, आणि तिची कोणकोणती विमाने या सेवेत आहेत ते नोंदणी क्रमांकासह परवान्याच्या कागदपत्रांत दिलेले असते. भारतीय विमानाचा क्रमांक व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो, त्यापुढे आणखी ३ अक्षरे असतात आणि ती विमानाच्या अंगावर ठळकपणे रंगवलेली असतात. याउलट अनेक उद्योगसमूह केवळ स्वतःच्या वापरासाठी विमान बाळगतात. ते खासगी वर्गात नोंदलेले असते आणि त्याच्या मालकाला आपल्याकडून भाड्यापोटी एक रुपयाही घेता येत नाही. असे विमान महिन्यातले बरेच दिवस नुसते उभे असते, म्हणून कोणीतरी ओळखीने, कमी दरात ते मिळवून देतो म्हणून सांगतो. आपल्याकडे पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवतात, तसाच हा प्रकार आहे. फक्त येथे पणाला लागलेले फार मोठे असते.

हा फरक केवळ कागदाचा आहे असे कृपया समजू नये. परवानाधारक ऑपरेटरच्या वैमानिकांचे कामाचे तास, त्यांच्या वेळोवेळीच्या चाचण्या, विमानाची देखभाल आणि लहान धावपट्टीवर किती वजन घेऊन उतरायचे याचे नियम व्यावसायिक वाहतुकीच्या कसोटीला लावलेले असतात. विम्याचेही तसेच आहे. खासगी वापरासाठी उतरवलेला विमा भाड्याच्या प्रवाशांना लागू होईलच असे नाही, आणि ते कळण्याची वेळ येते तेव्हा भांडायला घरात कोण उरले असेल, याचा विचार मला करवत नाही.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एक कुटुंब सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या, विमानतळावर पहाटेपासून येऊन बसले होते. त्यांच्याकडच्या कोटेशनमध्ये जो क्रमांक होता, तो मी माझ्या वहीत लिहून घेतला होता. विमान उतरले, जमिनीवरून हळूहळू चालत जवळ आले आणि शेपटीजवळची अक्षरे वाचता येऊ लागली तेव्हा शेवटची दोन अक्षरे वेगळी निघाली. विचारणा केल्यावर एजंटाने फोनवर सांगितले की ठरलेले विमान नादुरुस्त झाले आहे आणि हे त्याहून चांगले पाठवले आहे. ते चांगले होतेही, आतली कातडी आसने नवी होती, पण विमान खासगी वर्गातले होते. मी कुटुंबप्रमुखांना बाजूला घेऊन एवढेच म्हटले की मी माझ्या मुलांना यात बसवणार नाही. ते पाच मिनिटे काही बोलले नाहीत, मग त्यांनी सामान परत गाडीत भरायला सांगितले आणि चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन तिथून नियमित विमान पकडले. दिलेल्या पैशांपैकी फार थोडे त्यांना परत मिळाले. त्या दिवशी त्यांनी घेतलेला निर्णय मला आजही योग्य वाटतो.

म्हणून एजंटाकडे प्रथम चार गोष्टी लेखी मागाव्यात: ऑपरेटरचे नाव, विमानाचा पूर्ण नोंदणी क्रमांक, मुदतीत असलेल्या परवान्याची प्रत आणि प्रवाशांची जबाबदारी समाविष्ट असलेल्या विम्याची प्रत. परवानाधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, तिच्याशी नाव ताडून पाहावे आणि नंतर ऑपरेटरच्या कार्यालयात स्वतः फोन करून त्या तारखेला ते विमान आपल्या नावाने राखले आहे का, हे विचारावे. करारात एक वाक्य अवश्य घालून घ्यावे: विमान बदलावे लागले तर बदली विमानही परवान्यावरचेच असेल, आणि त्याचा क्रमांक उड्डाणापूर्वी कळवला जाईल. सगळेच एजंट फसवणारे असतात असे माझे म्हणणे नाही. चांगला एजंट चार ऑपरेटरांकडून दर काढतो आणि रात्री दोन वाजता फोन उचलतो. आगाऊ रक्कम मागण्यातही गैर काही नाही, कारण उड्डाणापूर्वी पूर्ण पैसे घेण्याचीच या व्यवसायातली रीत आहे. विमानाचा क्रमांक न सांगता मात्र पैसे मागणे मला मान्य नाही.

आता पैशांकडे वळू. आठ आसनांच्या मध्यम जेटसाठी तासाला अडीच लाख हा दर ऐकून मला धक्का बसला नाही, परंतु तासाचा दर एकट्याने काहीच सांगत नाही, कारण तास कोणते मोजायचे यावर बिल ठरते. चार्टरची विमाने मुख्यतः मुंबई, दिल्ली, बेंगळुरू अशा शहरांत ठेवलेली असतात. ती आपल्याला न्यायला रिकामी येतात, सोडून रिकामी जातात, आणि त्या रिकाम्या फेऱ्यांचे पैसे आपणच देतो. बेळगाव ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,४३० किलोमीटर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी जेटला दोन तास धरू, प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे-येणे धरून थोडे अधिक लागतात. विमान दिल्लीचे असेल तर दिल्ली–बेळगाव रिकामे, बेळगाव–दिल्ली आपण, मग २८ तारखेला दिल्ली–बेळगाव आपण आणि पुन्हा दिल्लीपर्यंत रिकामे, असे ८ तास होतात. अडीच लाखांप्रमाणे २० लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३ लाख ६० हजार रुपये झाले.

विमान मुंबईचे असेल तर चित्र बदलते. मुंबई–बेळगाव हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे पाऊण तासाचे. प्रत्यक्ष उड्डाण साडेपाच तासच होईल आणि स्वस्त पडल्यासारखे वाटेल. परंतु ते विमान दिल्लीत तीन रात्री उभे राहील, आणि बहुतेक ऑपरेटर दिवसाला किमान दोन तासांचे पैसे लावतात. हे किमान तास चार दिवसांच्या सरासरीने धरले तर ८ तासांचे बिल होते, म्हणजे पुन्हा २० लाखच. रोजच्या रोज धरले तर पहिल्या आणि चौथ्या दिवशी पावणेतीन तास, मधल्या दोन दिवसांचे दोन-दोन, असे साडेनऊ तास होतात आणि आकडा २३ लाख ७५ हजारांवर जातो, तोही जीएसटीपूर्वीचा. 'सरासरीने' की 'रोजच्या रोज', एवढ्या एका शब्दावर पावणेचार लाखांचा फरक पडतो. तो शब्द कोटेशनमध्ये शोधावा, नसेल तर लिहून घ्यावा. दिल्लीतले पार्किंग, वैमानिकांचे हॉटेल, दोन्ही ठिकाणचे हँडलिंग, म्हणजे जमिनीवरची व्यवस्था, आणि विमानतळाच्या कामाच्या वेळेबाहेर उड्डाण झाल्यास लागणारे जादा शुल्क हे दरात धरले आहे की वेगळे, हेही त्याच कागदावर यावे. बेळगावहून नियमित विमानसेवाही आहे, आणि आठांपैकी पाच धडधाकट माणसांनी तिकडून जाऊन आजींसाठी लहान विमान घेतले तर खर्च किती उतरेल, हा हिशेब घरात एकदा मांडून पाहावा, असे मी मोकळेपणाने सुचवतो.

पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला तारीख आणि वेळ ही वाटली. प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यात दिल्लीचे आकाश रोज काही काळ बंद ठेवतात. २०२४ मध्ये १९ ते २६ जानेवारी या काळात सकाळी १०:२० ते दुपारी १२:४५ या वेळेत दिल्ली विमानतळावरून विमानांचे येणे-जाणे थांबवले होते. वेळा दरवर्षी नव्याने जाहीर होतात, त्यासाठी वैमानिकांना नोटाम नावाची सूचना निघते, आणि अशा काळात नियमित विमानसेवेला मिळणारी सवलत चार्टरला मिळतेच असे नाही. सकाळी ८ ला सांबऱ्याहून निघालेले विमान १० च्या सुमारास दिल्लीवर पोहोचणार, म्हणजे आकाश बंद होण्याच्या अगदी तोंडावर. वीस मिनिटांचा उशीर झाला, आणि लग्नाच्या घरातून निघताना तो होतोच, तर विमान निघूच शकणार नाही किंवा वाटेत दुसरीकडे वळवावे लागेल.

त्यात जानेवारीतले धुके आहे. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर अतिशय कमी दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा आहे, परंतु त्या यंत्रणेचा उपयोग करायला विमानात तशी साधने आणि वैमानिकांकडे तसे प्रशिक्षण लागते. बहुतेक लहान चार्टर विमानांना ती सोय नसते. त्यांना धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंत दिसल्याशिवाय उतरता येत नाही. त्यामुळे पहाटे मोठी विमाने उतरत असताना आपले विमान जयपूरला जाऊन थांबले, असे घडू शकते. यावर उपाय सोपा आहे. २५ तारखेला बेळगावहून दुपारी १ वाजता निघावे, म्हणजे तीन-सव्वातीनला दिल्ली गाठता येईल. त्या वेळेपर्यंत धुके सहसा विरलेले असते. ऑपरेटरने नोटाम पाहून ही वेळ पक्की केली पाहिजे, आणि शक्य असेल तर एक दिवस आधी, २४ तारखेला निघणे मला अधिक सुरक्षित वाटते.

याच संदर्भात एक विनंती आहे. वैमानिकाने थांबू या किंवा वळू या म्हटले तर मुहूर्त टळतो आहे, असे त्याला एकदाही ऐकवू नये. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात, दृश्यमानता ७०० मीटरवर आलेली असताना, विशाखापट्टणमहून आलेले एक लहान जेट उतरताना धावपट्टीबाहेर गेले आणि मोडले. आतले आठही जण वाचले. त्या विमानाची छायाचित्रे पाहिलेला मी तरी तेव्हापासून कोणत्याही वैमानिकाला घाई करण्याविषयी काहीही कळवत नाही, ग्राहक कितीही मोठा असो.

आजींविषयी आपण फक्त गुडघे दुखतात एवढेच लिहिले आहे. विमान निवडताना ही बाब दरापेक्षा वरची धरावी. लहान विमानाला एअरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणारा पूल, नसतो; दारच खाली उघडते आणि त्याच्याच आतल्या बाजूला अरुंद, उभ्या पायऱ्या असतात. किंग एअर बी-२०० या दोन इंजिनांच्या पंख्याच्या विमानात त्या दारावर एका वेळी एकाच माणसाने उभे राहायचे असते, कारण दाराला साधारण १३६ किलोंची मर्यादा आहे. म्हणजे दोघांनी हाताचा पाळणा करून म्हाताऱ्या माणसाला वर नेता येत नाही. सांबऱ्यालाच एका आजींना मी असे चढताना पाहिले. नऊवारीचा काष्टा सावरत त्या पहिल्या पायरीवर विमानाकडे पाठ करून बसल्या, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकले, स्वतःला उचलून एक पायरी वर बसल्या, आणि तसेच करत शेवटी आत पोहोचल्या. आत नातवाने काखेत हात घालून त्यांना उभे केले, तर डोके छताला लागले, कारण त्या विमानात छताची उंची जेमतेम दीड मीटर आहे. त्यांना घामाने भिजलेले पाहून मला फार वाईट वाटले, कारण हे आधी विचारून ठेवणे माझे काम होते. तेव्हापासून मी प्रत्येक ज्येष्ठ प्रवाशाबद्दल पायऱ्या चढता येतात का, हे लेखी विचारतो.

हॉकर ८५०एक्सपीसारख्या मध्यम जेटमध्ये छत सुमारे पावणेदोन मीटर उंच असते, आठ आसने असतात आणि दिल्लीपर्यंत मध्ये न थांबता जाता येते. किंग एअरला याच अंतराला तीन तासांच्या आसपास लागतात, आणि आठ माणसे, लग्नाचे सामान आणि पुरेसे इंधन हे तिन्ही एकाच वेळी बसवणे त्याला जड जाते. आपल्या कामासाठी मी मध्यम जेटच घेईन. बेळगाव आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी चाकांची खुर्ची आणि मदतनीस लागतील, हे आधी कळवावे. विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. आजींना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांकडून प्रवासास योग्य असल्याची चिठ्ठी घ्यावी आणि विमानात ऑक्सिजन लागेल का, हे त्यांनाच विचारावे.

बेळगाव की कोल्हापूर, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण निपाणीकरांनी तो विचारायला हवा. जिल्हा बेळगाव असल्यामुळे सांबरा डोळ्यांपुढे येतो, पण निपाणीहून बेळगाव शहर सुमारे ७५ किलोमीटर आहे, तेथून सांबरा आणखी १० किलोमीटर, आणि कोल्हापूर फक्त ४० किलोमीटर. आजींचा गाडीतला वेळ निम्म्याने कमी होतो. धावपट्टीच्या बाबतीत मात्र सांबरा सरस आहे: तेथे २,३०० मीटर, कोल्हापूरला १,९३० मीटर. जेटने उतरताना उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता येईल असा हिशेब दाखवावा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे सांबऱ्याला १,३८० मीटर मिळतात आणि कोल्हापूरला १,१५८. उड्डाणाचा हिशेब वेगळा आणि तापमानावर अवलंबून असतो. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचीवर आहे, आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण जणू १,७५० मीटरहून उंच ठिकाणी उभे आहोत असे वाटते. त्या वेळी सामान किंवा माणसे कमी करावी लागतात. जानेवारीत ही अडचण सौम्य असते, म्हणून ऑपरेटरला दोन्ही विमानतळांचा हिशेब करायला सांगावा आणि कोल्हापूर जमत असेल तर तेच घ्यावे.

कागदपत्रांत सीमाभागातल्या माणसांची एक नेहमीची गल्लत होते. आपल्या आधार कार्डांवर नाव कन्नड आणि इंग्रजीत असते, आणि कन्नडवरून इंग्रजी करताना मारुती, सरस्वती, अनिता यांतल्या 'त'पुढे एक 'एच' येऊन बसतो. कुणाचे आडनाव पुढे जाते, कुणाच्या नावापुढे नुसती आद्याक्षरे राहतात. प्रवाशांची यादी देताना घरात म्हणतात ते नाव न देता कार्डावर छापलेले इंग्रजी नाव अक्षरन् अक्षर द्यावे. चार्टर असले तरी सुरक्षा तपासणी होते. नवरदेवाची कट्यार किंवा तलवार केबिनमध्ये चालत नाही, ती ऑपरेटरला आधी सांगून स्वतंत्र ठेवावी लागते, आणि वरातीचे फटाके किंवा ठिणग्यांच्या नळ्या तर आणूच नयेत. सामान मऊ पिशव्यांत भरावे, कारण लहान जेटच्या सामानाच्या कप्प्यात कडक मोठ्या बॅगा आडव्या-उभ्या कशाही बसत नाहीत. आहेराची भांडी आणि पैठण्यांची खोकी दोन दिवस आधी दुसऱ्या मार्गाने पाठवलेली बरी. दिल्लीत घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांना हेही सांगावे की चार्टरच्या प्रवाशांसाठी तिथे २०२० पासून स्वतंत्र टर्मिनल आहे; नेहमीच्या टर्मिनलवर ते उभे राहिले तर चुकामूक ठरलेली.

परतीच्या दिवशी २८ तारखेला सकाळची वेळ धरू नये, धुके तेव्हाही असेल. साडेअकराच्या पुढे निघाल्यास दुपारी दीड-दोनला घरच्या विमानतळावर उतरता येईल. पाठवणी आणि नाश्ता लांबला म्हणून विमान संध्याकाळपर्यंत थांबेल, असे मात्र गृहीत धरू नये. वैमानिकांच्या कामाचे तास ते विमानतळावर हजर होतात तेव्हापासून मोजले जातात, ते संपले की विमान तयार असूनही उडत नाही, आणि आपल्याला सोडून त्यांना पुढे रिकामे विमान घेऊन त्यांच्या तळावरही जायचे असते. उशिरात उशिरा किती वाजता निघता येईल, ती वेळ ऑपरेटरकडून आधीच लिहून घ्यावी आणि ती दिल्लीतल्या व्याह्यांनाही कळवावी, म्हणजे निरोपाचा कार्यक्रम ते त्या बेताने ठरवतील.